बंगळूरची बाजारपेठ आणि मराठी माणूस

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी मंडळाच्या संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण इतिहास विषय घेऊन बी.ए.पर्यंतचे, आणि पुढचे सारे आयुष्य केंद्र सरकारच्या नोकरीत, फायलींवर टिपणे लिहिण्यात गेलेले. व्यापार-उद्योगाशी आमचा संबंध आला तो टेबलाच्या अलीकडून. परंतु मंडळात चहाच्या वेळी वारंवार निघणारा एक प्रश्न आम्हांस बरेच दिवस छळीत होता. भारताची बाजारपेठ वाढते आहे, जगातले व्यापारी बंगळूरला येऊन कचेऱ्या थाटताहेत. मग या धामधुमीत आपल्या मराठी माणसाला नोकरीपलीकडे काही संधी आहे की नाही? प्रश्न निघाला की कोणीतरी सुस्कारा टाकतो, ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’, आणि विषय तेथेच संपतो. हा निकाल पुराव्यानिशी दिला गेला आहे काय, हे या शहराच्या इतिहासात शोधून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बंगळूरशी आपले नाते सांगताना आपण सारे शहाजीराजांपासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे शहर केंपेगौडांच्या वंशजांकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. परंतु राजे आले तेव्हा येथे बाजार आधीच भरलेला होता. १५३७ साली पहिल्या केंपेगौडांनी वसविलेल्या या गावात व्यवसायवार पेठा होत्या. अक्कीपेठ म्हणजे तांदळाची, बळेपेठ म्हणजे बांगड्यांची, अरळेपेठ म्हणजे कापसाची, गाणिगरपेठ म्हणजे तेल्यांची. ही नावे आजही बसच्या पाट्यांवर वाचावयास मिळतात. पुढे १६८७ च्या सुमारास एकोजीराजांनी तंजावरहून हे शहर सांभाळणे अवघड म्हणून म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाख रुपयांना विकण्याचे ठरविले. मध्येच मोगल सरदार कासिमखानाने ते बळकाविले, पण अखेर तेवढ्याच रकमेच्या बोलीवर ते म्हैसूरकरांकडे गेले. म्हणजे बंगळुरातील आपला सर्वांत मोठा नोंदलेला व्यवहार कोणता, तर बंगळूरच विकण्याचा! वाचकांनी हे विनोदाने घ्यावे. परंतु त्यात एक सूचना दडलेली आहे. जहागीर हातून जाते. पेठ मात्र राहते.

आणि पेठेत आपली माणसेही राहिली. घरात मराठी बोलणारी भावसार आणि नामदेव शिंपी समाजाची कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. कापड रंगविणे, छापणे, शिवणे हे त्यांचे परंपरागत व्यवसाय. त्यांच्या मराठीत कानडी मिसळलेली आहे म्हणून आपण नव्याने आलेले लोक कधी कधी हसतो. परंतु परमुलखात कोणाच्या नोकरीविना तीन-तीनशे वर्षे टिकून राहणारी ही माणसे ‘धंदा न जमणाऱ्यां’त कशी मोडतात, हे कोणी सांगत नाही. शहाजीराजांची तलवार आपण स्मरणात ठेवली, कारकुनांचा दौत-टाक ठेवला. शिंप्याची कात्री आणि रंगाऱ्याची कढई मात्र विसरलो.

आता आधुनिक काळाकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर संस्थानाने एक गोष्ट ओळखली होती की, कारखाने आपोआप येत नाहीत. त्यांना बोलवावे लागते. १९०२ साली शिवसमुद्रम येथील धबधब्यावर वीज निर्माण होऊन ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली आणि १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. १९०९ साली जमशेटजी टाटांच्या संकल्पातली विज्ञानसंस्था संस्थानाने दिलेल्या ३७१ एकरांवर उभी राहिली. १९१२ ते १९१८ या काळात दिवाण असलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तर अर्धे आपलेच. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले, उमेदीची दोन तपे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात गेली, आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे प्रसिद्धच आहेत. त्यांच्या कारकीर्दीत १९१३ साली म्हैसूर बँक निघाली, १९१६ साली व्यापाऱ्यांचे चेंबर स्थापन झाले, चंदनाच्या तेलाचा आणि साबणाचा कारखाना निघाला. भद्रावतीच्या ज्या लोखंडाच्या कारखान्याचा पाया त्यांनी घातला, त्याचे उत्पादन १९२३ साली सुरू झाले. वीज, विद्या, बँक आणि लोखंड, इतकी सिद्धता झाल्यावर पाहुणे येण्यास काय उशीर?

पहिले मोठे पाहुणे सोलापूरहून आले. शेठ वालचंद हिराचंद (जन्म १८८२) हे मूळ गुजरातेतून येऊन सोलापुरात रुजलेल्या जैन घराण्यातले. त्यांनी ठेकेदारीचा पहिला धडा गिरविला तो फाटक नावाच्या, रेल्वेतील कारकुनी सोडून ठेके घेणाऱ्या मराठी गृहस्थांच्या भागीदारीत. हा तपशील आमच्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसास विशेष सुखावतो. वालचंदांची दृष्टी एकच होती: जी वस्तू आपण बाहेरून आणतो, ती येथे का होऊ नये? १९१९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी काढून बोटींच्या धंद्यात गोऱ्या कंपन्यांना आव्हान दिले. १९३९ साली अमेरिकेहून परतताना विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचे गृहस्थ भेटले. चीनमध्ये विमाने जुळविण्याचा कारखाना हे चालवीत होते. शेजारच्या प्रवाशाशी झालेल्या त्या गप्पांतून २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरात ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी उभी राहिली.

तो कारखाना मुंबईला किंवा सोलापूरला का झाला नाही? कारण म्हैसूर सरकारने जमीन दिली, वीज-पाण्याची सोय केली आणि भांडवलातही वाटा उचलला. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी निर्णयास विलंब लावला नाही. शिवाय समुद्रकिनाऱ्यापासूनचे अंतर, समशीतोष्ण हवा आणि शेजारची विज्ञानसंस्था ही अनुकूलता होतीच. १९४१ साली येथे जुळविलेले हार्लो जातीचे शिकाऊ विमान आकाशात उडाले. परंतु महायुद्ध दाराशी आले, मार्च १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकार भागीदार झाले आणि १९४२ साली त्याने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना बाजूस केले. ज्या रोपट्याचे पुढे १९६४ साली ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ या महावृक्षात रूपांतर झाले, त्याची सावली लावणाऱ्याला लाभली नाही. मोटारींचा कारखानाही त्यांनी विश्वेश्वरय्यांच्या योजनेनुसार प्रथम बंगळुरातच काढावयाचे योजिले होते. पण दिल्लीची अनुकूलता मिळाली नाही आणि १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ मुंबईत स्थापन झाली. सरकार दार उघडते तसे लावूही शकते, हे आम्ही सरकारी माणसाने लिहावे यात संकोच कसला?

दुसरे पाहुणे बेळगावकडचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईत ते यांत्रिक चित्रकला शिकवीत असत. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले आणि भावासह सायकलींचे दुकान चालवू लागले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र काढले, लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने नांगर प्रथम खपेनात! त्यात भर म्हणून नगरपालिकेला वसाहतीसाठी जागा हवी झाली आणि कारखाना हलविण्याची पाळी आली. तेव्हा औंधचे पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचे निवडुंगांनी भरलेले माळरान दिले आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली.

या घराण्याचा विस्तार म्हैसूर संस्थानात कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. १९४१ साली तुंगभद्रेकाठी हरिहर येथे लेथ तयार करणारी ‘म्हैसूर किर्लोस्कर’ निघाली. १९४६ साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरात ‘किर्लोस्कर इलेक्ट्रिक’ सुरू झाली आणि विजेच्या मोटारी तयार करू लागली. स्वातंत्र्य उंबरठ्यावर होते. विहिरीवर पंप बसणार, गिरण्यांना मोटारी लागणार, हे ज्याला दिसले त्याला बाजारपेठ दिसली. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला, हेही इतिहास लिहिणाऱ्याने सांगितले पाहिजे. उद्योग म्हणजे पेन्शन नव्हे. परंतु त्याच घराण्याच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर यांनी जपानच्या टोयोटा कंपनीशी हातमिळवणी केली, १९९७ साली नवी कंपनी स्थापन झाली आणि डिसेंबर १९९९ मध्ये बंगळूरजवळ बिडदी येथे मोटारगाड्या तयार होऊ लागल्या. भारताची बाजारपेठ जपानी कंपनीला हवी होती, आणि येथली वाट माहीत असलेला सोबती तिला मराठी घराण्यात मिळाला. विक्रम किर्लोस्करांचे २०२२ च्या नोव्हेंबरात याच शहरी निधन झाले.

या दोन चरित्रांवरून आमच्या अल्पमतीस असे वाटते की, संधी पदरात पडण्यास तीन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, काय उणे आहे ते पाहणारी नजर. दोन, जागा देणारे राज्य. आणि तीन, पहिल्या पडत्या काळात विश्वास टाकणारा कोणी आपला माणूस. पहिल्या दोहोंविषयी बरेच लिहिले जाते. तिसरीविषयी मात्र आपण बोलत नाही, आणि आमच्या मते आपले दुखणे नेमके तेथेच आहे.

ही तिसरी गोष्ट पाहावयाची असेल तर वाचकांनी एकदा नगरतपेठ-चिक्कपेठेकडच्या सराफी भागात जावे. तेथे सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारे ‘गलाई’वाले आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी टापूतील ही माणसे केरळपासून पंजाबपर्यंत देशभर पसरली आहेत. एक लहानशी खोली, भट्टी, मूस, तेजाब आणि कसोटीचा दगड एवढे त्यांचे भांडवल. सराफाकडून आलेले मोडीचे दागिने वितळवून, हिणकस वेगळे करून शुद्ध सोने परत देणे हे त्यांचे काम. त्यांच्यातील कितीकांनी महाविद्यालयाची पायरीही पाहिली नाही. मग परमुलखात, परभाषेत, दुसऱ्याचे सोने हाताळण्याइतकी पत त्यांना कशी लाभली? गावाकडचा मुलगा प्रथम चुलत्या-मामाच्या दुकानात राबतो, धंदा शिकतो. हात बसला की तोच चुलता त्याला दुसऱ्या गावी दुकान थाटून देतो, भांडवल पुरवितो आणि सराफाला सांगतो, ‘हा आमचा माणूस आहे.’ या एका वाक्यात बँकेचे काम होते. माणदेशाने पाऊस दिला नाही, पण हे वाक्य दिले. आपण शिकलेल्या लोकांनी मात्र गावाहून येताना ते मागेच ठेवले.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी आमचा एक भाचा, इचलकरंजीचा, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीस होता. एका रविवारी तो घरी आला आणि म्हणाला, ‘मामा, एक जुना सीएनसी लेथ विकायला आहे. जागा भाड्याने मिळते आहे, जॉबवर्क देणारे दोघे तयार आहेत. तुम्ही फक्त जामीन म्हणून सही करा.’ आम्ही त्याला पोहे खाऊ घातले आणि तासभर उपदेश केला. नोकरीची शाश्वती, धंद्यातील अडचणी, थकणारी बिले, असे सारे आम्ही अधिकारवाणीने सांगितले. शेवटी आमच्या सेवानियमांचा आधार घेतला. खरे सांगावयाचे तर नियम आम्ही उघडूनही पाहिले नव्हते. भीती मात्र मनात होती. तो ‘बरं मामा’ एवढेच म्हणाला, नमस्कार करून गेला. त्याची सही पुढे त्याच्या कानडी घरमालकांनी केली.

ज्या वर्षांत आम्ही हे केले, त्याच वर्षांत कचेरीत आम्ही लघुउद्योगांना उत्तेजन देणाऱ्या परिपत्रकांवर टिपणे लिहीत होतो! वाचकांच्या उपयोगासाठी त्यांतील दोन-चार गोष्टी येथे नमूद करतो. तारणाविना लहान उद्योगास कर्ज मिळावे म्हणून हमी देणारा निधी २००० सालीच स्थापन झाला आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. न केल्यास व्याज द्यावे लागते. केंद्र सरकारच्या खात्यांनी व कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करावी असे धोरण आहे. विमाने, इलेक्ट्रॉनिक सामग्री आणि यंत्रे बनविणाऱ्या सरकारी कंपन्यांच्या या शहरात याचे मोल किती, ते सांगावयास नको. २०२० सालापासून ‘उद्यम’ नोंदणी घरबसल्या, विनाशुल्क होते. १९९१ पूर्वी ज्या परवान्यांसाठी उद्योजक दिल्लीच्या खेपा घालीत, त्यांतील बहुतेक त्या वर्षीच्या जुलैत इतिहासजमा झाले. म्हणजे दुसरी गोष्ट, जागा देणारे राज्य, पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ झाली आहे. कागदावरचे सारेच प्रत्यक्षात उतरते असे नाही. बिले अजूनही रखडतात. परंतु दार बंद आहे, असे आता म्हणवत नाही.

आणि पहिली गोष्ट, काय उणे आहे ते पाहणारी नजर, ती तरी कोणाची मिरास आहे? १९८१ साली पुण्यात सात तरुणांनी इन्फोसिस कंपनी काढली. आरंभीचे दहा हजार रुपये नारायण मूर्तींच्या पत्नी सुधाताईंनी स्वतःच्या बचतीतून दिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९८३ साली कंपनी बंगळुरास आली. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी येथे आली आणि परदेशी कंपन्यांची रीघ लागली. मूर्ती दांपत्य कानडी, जन्मस्थान आपले पुणे, भरभराट बंगळुरात. प्रांताभिमान बाजूस ठेवून आम्ही वाचकांचे लक्ष एका योगायोगाकडे वेधू इच्छितो. १९१० साली किर्लोस्करांना मिळालेले दहा हजार आणि १९८१ सालचे हे दहा हजार. रुपयाचे मोल सत्तर वर्षांत उतरले होते. विश्वासाचे मोल तेवढेच होते. एकदा राजाने टाकला, एकदा पत्नीने.

तेव्हा आमच्या शोधाचा निष्कर्ष असा: मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे खरे नाही. रंगाऱ्याला जमला, गलाईवाल्याला जमला, किर्लोस्करांना जमला. जमले नाही ते आम्हां नोकरदारांना धंदा करणाऱ्या आपल्याच मुलाच्या पाठीशी उभे राहणे. मुलगा परदेशी शिकावयास निघाला की आपण घर गहाण टाकतो. तोच मुलगा लेथ घ्यावयास निघाला की आपल्याला सेवानियम आठवतात.

भाच्याचा कारखाना आज चालतो आहे. मोठा नाही, आठ माणसे आहेत, तीन यंत्रे आहेत. मधली दोन वर्षे फार कठीण गेली. २०२० च्या टाळेबंदीत सर्व यंत्रे उभी होती आणि कामगारांचे पगार त्याने बायकोचे दागिने मोडून केले. ते दागिने एका गलाईवाल्याच्याच भट्टीत गेले असतील. त्याने आम्हांस त्या रविवारविषयी कधी शब्दाने दुखविले नाही. दरवर्षी आयुधपूजेला मात्र तो आवर्जून बोलावतो. गेल्या वर्षी त्याने हार आमच्या हाती देऊन म्हटले, ‘मामा, पहिल्या यंत्राला तुम्ही घाला.’ आम्ही तो घातला. झेंडूच्या वासात यंत्राच्या तेलाचा वास मिसळला होता. शेजारी त्याचे वृद्ध घरमालक हात जोडून उभे होते. त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव केला, नाटके केली, मुलांना मराठी शिकविली. पुढील पन्नास वर्षांसाठी आमची एक नम्र सूचना आहे. आपल्यात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, हिशेबतपासनीस आहेत, करविषयक जाणकार आहेत, कारखान्यांत आयुष्य घालविलेले आहेत, आणि आमच्यासारखे सरकारी नियम पाठ असलेलेही आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ मंडळाच्या सभागृहात या मंडळींनी बसावे. ज्या तरुण-तरुणीला काही सुरू करावयाचे आहे, तिचे म्हणणे प्रथम पूर्ण ऐकून घ्यावे, मग कागद पाहावेत, आणि योजना खरी वाटली तर बँकेत, गिऱ्हाइकाकडे, तिच्याबरोबर जावे. गलाईवाल्याचा चुलता करतो तेवढेच करावे. आम्ही स्वतः पहिल्या संध्याकाळपासून येऊन बसू. सही करण्यासारखी असेल, तर नियम उघडून पाहून, सहीही करू.

मंडळाच्या शताब्दीची स्मरणिका निघेल तेव्हा आम्ही नसू. परंतु त्या वेळी हा विषय कोणी पुन्हा लिहावयास घेतला, तर त्याला उदाहरणांसाठी हरिहर-बिडदीपर्यंत जावे न लागता, ती याच सभागृहात मिळावीत, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही वाचकांचा निरोप घेतो.